आई, पाच मिनिटं बाहेर बसा

सतरा वर्षांची मुलगी दवाखान्यात येते ती बहुधा आईबरोबर. डॉक्टर विचारतात, ‘काय होतंय?’ उत्तर आई देते. मुलगी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहते. पाळीत पोट किती दुखतं, रात्री झोप का लागत नाही, असं थेट विचारलं तरी आईच्या देखत ती ‘काही नाही’ म्हणते. मुलगा तर येतच नाही. मेडिकलमधून गोळी आणतो आणि मनातलं मोबाइलला विचारतो.

हे वय बेफिकीर असतं, असा मोठ्यांचा समज. रात्री दोन वाजता लपून प्रश्न शोधणारा मुलगा बेफिकीर कसा? त्याला विचारायला माणूस मिळालेला नाही, एवढंच.

रक्तक्षयाचं उदाहरण घ्यावं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना आणि ३१.१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हे आकडे ५४.१ आणि २९.२ होते. औषध तर कधीचं हाताशी आहे: शाळेतून आठवड्याला एक निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, शिवाय वर्षातून दोनदा जंताची गोळी. पण लोहाची गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, शौचाला काळं होतं. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं, की वर्गात कुजबुज सुरू होते आणि पुढची गोळी दप्तराच्या तळाशी जाते. ‘जेवून घे, वर लगेच चहा पिऊ नकोस, रंग बदलला तर घाबरू नकोस’ हे सांगणं गोळीइतकंच औषध आहे.

प्रश्नाला सरळ उत्तर देण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. र. धों. कर्व्यांवर त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांसाठी अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला, तरी मासिक १९५३पर्यंत निघत राहिलं. पुढे गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून तेच बोलणं तरुण मुलामुलींसमोर उघडपणे मांडलं.

२०१४मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. सरकारी रुग्णालयांत या वयासाठी समुपदेशनाची सोय झाली. महाराष्ट्रात तिला ‘मैत्री’ क्लिनिक म्हणतात. नाव सुरेख आहे. पण केसपेपरच्या रांगेत शेजारच्या काकू उभ्या असतील, आणि खिडकीतून ‘कशासाठी आलात?’ असं मोठ्याने विचारलं जात असेल, तर मुलगी रांगेतूनच परत फिरते. तिला कायद्याचीही धास्ती असते. २०१२च्या पॉक्सो कायद्याने अठराखालच्या लैंगिक संबंधांची खबर पोलिसांना देणं बंधनकारक केलं. संमतीच्या संबंधांतून राहिलेल्या गर्भाचा गर्भपात करताना, मुलीची आणि पालकांची विनंती असेल तर डॉक्टरने तिची ओळख पोलिसांना कळवायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२मध्ये सांगितलं. हा दिलासा किती मुलींच्या कानावर गेला असेल?

यासाठी नवी इमारत लागत नाही. तपासणी झाली की डॉक्टरांनी एवढंच म्हणावं, ‘आई, पाच मिनिटं बाहेर बसा.’ मग दार लोटून मुलीला आधीच स्पष्ट सांगावं, की इथलं बोलणं इथेच राहील. जिवाला धोका असेल किंवा कायद्याने सांगणं भाग असेल, तर मात्र ते तिला आधी कळवूनच बाहेर सांगितलं जाईल. मग गप्प बसावं. पहिली दोन मिनिटं ती बहुतेक कॅलेंडरच बघेल.