बुंध्यापाशी बसलेला शेतकरी



चिनी भाषा शिकवताना माझा सगळ्यांत आवडीचा तास म्हणजे ‘छंग-यू’चा. हे तिथले रूढ वाक्प्रचार, बहुतेक चारच अक्षरांचे. त्यातला एक ‘शौ जू दाय थू’. राखणे, बुंधा, वाट पाहणे, ससा. गोष्ट ठाऊक नसेल तर यातून काय कळणार?

सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या शेतात झाडाचा बुंधा होता. एक ससा उधळत आला, बुंध्यावर आदळला आणि मान मोडून मेला. आयती शिकार! शेतकऱ्याने अवजार खाली टाकलं आणि दुसऱ्या सशाची वाट बघत तिथेच बसला. ससा आला नाही. राज्यभर हसं मात्र झालं.

आज हा वाक्प्रचार आयतोबांसाठी वापरतात. ज्यांच्या ग्रंथात ही गोष्ट आहे, त्या हान फेईंचा रोख मात्र राज्यकर्त्यांवर होता. काळ बदलला तरी जुन्या राजांच्याच रीतीने कारभार करू म्हणणारे सगळे त्या बुंध्यापाशी बसलेत, असं त्यांना सांगायचं होतं. केवढं धाडस! हान फेई बोलताना अडखळत, अशी नोंद इतिहासकार सिमा छ्येन यांनी केली आहे. पण त्यांची लेखणी अशी, की ती वाचून छिन राज्याच्या राजाला त्यांना भेटायची ओढ लागली. पुढे त्याच राजाच्या कैदेत इ.स.पू. 233 मध्ये त्यांचा अंत झाला.

म्हणून म्हणतो, परीक्षेपुरता अर्थ पाठ करून थांबू नका. गोष्ट कुणी, कुणाला आणि कशासाठी सांगितली, तेही विचारा.

असं विचारलं की कधी पदरची भरही सापडते. युएचा राजा गौच्येन पराभवाचा अपमान विसरू नये म्हणून सरपणावर निजायचा आणि कडू पित्त चाखायचा, असं दुसरा एक वाक्प्रचार सांगतो. इ.स.पू. 473 मध्ये त्याने शत्रूचं वू राज्य संपवलं. सिमा छ्येन यांच्या इतिहासात पित्त आहे. सरपण मागाहून आलं.

आणि आणखी एका वाक्प्रचारातला सेनापती श्यांग यू! इ.स.पू. 207 मध्ये नदी ओलांडल्यावर त्याने होड्या बुडवल्या, हंडे फोडले, तीन दिवसांचा शिधा तेवढा ठेवला. सिंहगडावर कापलेले परतीचे दोर तुम्हाला आठवले असतील. ती हकिकत कुठल्या बखरीत, कुठल्या पोवाड्यात कशी येते, हे तुमच्यापैकी कुणी शोधून काढलं तर मला जरूर कळवा. मला ते मनापासून ऐकायचं आहे.