अस्थींची वेदना आणि तिचे चित्र
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सिंदी मेघे येथे दिलेले भाषण)



संमेलनाच्या मंगल प्रसंगी रोगाचा विषय काढावा काय, असा संकोच मला वाटत होता. परंतु आपल्यातीलच एका भगिनीने सहा महिने पाठदुखी मुकाट्याने सोसली. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन तिला चार वर्षे झाली होती. "उसण भरली असेल, मुलीचे लग्न पार पडू द्या," असे म्हणत तिने पाठ शेकली, चोळून घेतली. आणि एके सकाळी तिचे पाय उचलेनात. म्हणून तो संकोच मी बाजूस सारला आहे.

स्तनाचा कर्करोग दूर पसरतो, तेव्हा तो सर्वांत अधिक वेळा अस्थींत आढळतो. विशेषतः पाठीचा कणा, बरगड्या, कटिभाग व मांडीचे हाड यांत. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ वर्षांनीही असे घडू शकते.

१८९५ साली राँटगेन यांनी शोधलेल्या क्ष-किरणांनी हाड दिसते खरे. पण मणक्यातील चुन्याचा सुमारे तिसरा हिस्सा ते निम्मा भाग झिजल्यावाचून दोष छायाचित्रात सहसा उमटत नाही. म्हणून "फोटो स्वच्छ आला" एवढ्यावर विसंबून चालत नाही.

दुसरी रीत बोन स्कॅनची. टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून अल्प प्रमाणात देतात आणि दोन-तीन तासांनी सर्व सांगाड्याचे चित्र घेतात. जिथे डागडुजी चालते तिथे गवंडी आणि चुना गोळा व्हावा, तसे हे द्रव्य हाडाच्या दुरुस्तीच्या जागी साठते. दर सहा तासांनी त्याचे तेज निम्मे होते. तेव्हा भयाचे कारण नाही. मात्र स्त्री गर्भवती असल्यास किंवा अंगावर पाजत असल्यास आधी सांगावे. जुना अस्थिभंग किंवा झिजलेला सांधाही या चित्रात उजळतो. म्हणून प्रत्येक डाग कर्करोगाचा समजू नये.

शंका उरल्यास सी. टी. स्कॅन हाडाची बारीक रचना दाखवतो, तर एम. आर. आय. अस्थिमज्जा व मज्जारज्जूवरील दाब दाखवतो. पेट स्कॅन पेशींची साखरेची भूक टिपतो. त्यासाठी लागणारे द्रव्य निर्माण करणारे भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. क्वचित हाडाचा तुकडा तपासूनच अंतिम निर्णय होतो.

या तपासण्या सर्वांनाच हव्यात असे नव्हे. रोग आरंभीचा असून काही तक्रार नसेल, तर त्यांची बहुधा गरज नसते. परंतु पूर्वी हा रोग झालेल्या स्त्रीचे एकाच जागी टिकून राहणारे, रात्री जागे करणारे दुखणे दुर्लक्षू नये, आणि अशी पाठ कोणाकडूनही दाबून घेऊ नये. पाय लुळे पडू लागले, बधिरता आली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; येथे विलंब तासांत मोजावा लागतो.

निदान म्हणजे शेवट नव्हे. किरणोपचार, संप्रेरकांवरील औषधे व हाडे बळकट करणारी औषधे यांनी वेदना शमते आणि पुष्कळांना हिंडते-फिरते आयुष्य लाभते. सावंगी आणि सेवाग्राम येथील मोठी रुग्णालये आपल्या उंबरठ्याशी आहेत. उणीव आहे ती घरातील स्त्रीचे दुखणे मनावर घेण्याची.

बंधूंनो, लग्नाची तिथी पुढे ढकलता येते. आपली आई, भगिनी किंवा पत्नी "काही नाही, होईल बरे" असे म्हणेल, तेव्हा तिच्यासोबत दवाखान्यात जा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.