दिवा हवा, काळोखही हवा

जिवतीच्या गुड्यावर आम्ही लहान दुर्बिणीतून मुलांना मृग नक्षत्रातला तेजोमेघ दाखवतो. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. आधी वीस-तीस मिनिटे अंधारात बसायचे. मग थेट न बघता किंचित बाजूला बघायचे. डोळ्याच्या कडेला अंधुक प्रकाश अधिक कळतो.

गोंड वडीलधारी माणसे त्याच मृगात नांगर बघतात. मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी गोंडांचे आकाशज्ञान २०१३ साली प्रसिद्ध केले. नातवंडांना तो नांगर दिसायला काळोख हवा. पण वाटेवर साप-विंचू असतात, म्हणून दिवेही हवेत. तेव्हा आपण देणार असलेले दिवे वरून झाकलेले, उजेड खाली पाडणारे असावेत, एवढीच विनंती.