पहिल्या तीन महिन्यांतली सही
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘जर्मनीतले माझे अनुभव’ या विषयावर पंधरा मिनिटं दिली आहेत. बर्फ, किल्ले, स्वच्छ रस्ते हे सगळं तुम्ही माझ्या फोटोंत पाहिलेलं आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. गेल्या दोन वर्षांत या सभागृहातल्या अकरा जणांनी मला फोन केले. कुणाची मुलगी, कुणाचा भाचा, कुणाचा जावई जर्मनीला निघालेला. आणि बोलणं फिरून फिरून एकाच प्रश्नावर यायचं, ‘अगं, तो आरोग्य विम्याचा रकाना आहे, त्यात काय भरायचं?’ आज सगळे एकत्र भेटलोच आहोत, तर त्या अकरा फोनांचं उत्तर एकदाच देते.

आपण मिरजेची माणसं. तंतुवाद्यं आणि दवाखाने या दोन गोष्टींसाठी आपलं गाव ओळखलं जातं. कर्नाटकातून, कोकणातून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक स्टेशनवर उतरताना आपण लहानपणापासून पाहिले. उपचार इथे मिळतात हे आपल्याला माहीत होतं, आणि त्यासाठी कुणी दागिने मोडले, कुणी जमीन गहाण टाकली हेही माहीत होतं. म्हणून मी १९९९ साली लग्नानंतर श्टुटगार्टला गेले, तेव्हा माझ्या आईची पहिली काळजी हीच होती की तिकडे आजारी पडलीस तर पैसे कुठून आणायचे?

तिकडची पद्धत आधी थोडक्यात सांगते. बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, जर्मनीत कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. विम्याच्या संस्थेला तिथे ‘क्रांकेनकासे’ म्हणतात. शब्दशः अर्थ घेतला तर ‘आजारपणाचा गल्ला’. कामगार आणि मालक दोघांनी त्यात पैसे टाकायचे आणि जो आजारी पडेल त्याच्यासाठी ते वापरायचे. आपल्यापैकी ज्यांचे वडील कुपवाडच्या एमआयडीसीत होते त्यांना ईएसआयचं कार्ड आठवत असेल. तीच कल्पना, फक्त तिथे ती जवळजवळ सगळ्या देशाला लागू आहे. सुमारे ९० टक्के लोक या सार्वजनिक विम्यात आहेत. उरलेले बहुतेक खासगी विमा घेतात. विमा नसणं हा पर्यायच नाही. २००९ पासून तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य विमा बंधनकारक आहे.

हप्ता ठरतो पगारावर. मूळ दर १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक संस्थेचा थोडा जादा दर, आणि या सगळ्यातला निम्मा भाग मालक भरतो. तुमचं वय काय, तुम्हाला मधुमेह आहे का, वडिलांना हृदयविकार होता का, असलं काही सार्वजनिक विमा विचारत नाही. नोकरी न करणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात, वेगळे पैसे न भरता, विमाधारक होतात. मी पहिली दोन वर्षं अशीच यजमानांच्या विम्यावर होते. पासपोर्ट भारतीय, जर्मन भाषा जेमतेम, कमाई शून्य. तरीही माझ्या नावाचं कार्ड टपालाने घरी आलं. मुलीच्या बाळंतपणानंतर सुईण रोज घरी यायची, बाळाचं वजन करायची, मला धीर द्यायची. तिचे पैसे विम्यातून गेले. आईला फोनवर हे सांगितलं तर तिला खरं वाटेना.

या गल्ल्याचा खरा अर्थ मला कळला तो २०१४ साली. माझ्या यजमानांना कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, नऊ महिने घरी. त्या वर्षात ते एकूण ३४ दिवस दवाखान्यात होते. तिथे दवाखान्यात राहण्याचे रुग्णाने दिवसाला १० युरो भरायचे असतात, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. म्हणजे आमचं दवाखान्याचं बिल झालं २८० युरो. गोळ्या-औषधांना प्रत्येक वेळी ५ ते १० युरो. पहिले सहा आठवडे कंपनीने पूर्ण पगार दिला. त्यानंतर विमा संस्थेने आजारपणाचा भत्ता सुरू केला, मूळ पगाराच्या ७० टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांहून जास्त नाही. एकाच आजारासाठी तो तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत मिळू शकतो. त्या नऊ महिन्यांत मला एकदाही कुणापुढे हात पसरावा लागला नाही. आज यजमान बरे आहेत आणि तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच हे सांगितलं.

सगळंच गोड आहे असं समजू नका. तज्ज्ञ डॉक्टरांच्या भेटीसाठी कित्येकदा महिने थांबावं लागतं, आणि खासगी विमेवाल्याला तीच वेळ लवकर मिळते हेही खरं. भाषा येत नसेल तर दवाखान्यात फार एकटं वाटतं. मोठ्यांच्या चष्म्याचे पैसे बहुधा आपले आपणच भरायचे, दाताच्या कॅपचाही बराच भाग आपल्याच खिशातून. पण मोठं दुखणं आलं तर घर विकावं लागत नाही. माझ्या दृष्टीने हे सर्वांत महत्त्वाचं.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येते. परदेशी माणसाला या विम्यात यायला मिळतं आणि जर्मन माणसाच्याच अटींवर मिळतं. मात्र आत जायचे दरवाजे ठरावीक वेळीच उघडे असतात.

पहिला दरवाजा विद्यार्थ्यांचा. मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवी किंवा मास्टर्सला प्रवेश घेतलेल्याला वयाच्या तिशीपर्यंत सवलतीच्या दरात सार्वजनिक विमा मिळतो. २०२५ मध्ये तो महिन्याला साधारण १४० ते १५० युरो पडत होता. व्हिसासाठी जे ब्लॉक्ड अकाउंट उघडता त्यातून २०२५ मध्ये मुलाला महिना ९९२ युरो मिळत होते. त्यातले दीडशे विम्याला जाणार हे ऐकून आईवडिलांच्या पोटात गोळा येतो, ते मी समजू शकते. मग कुणीतरी सांगतं की खासगी विमा चाळीस युरोत मिळतो. तो घ्यायचा तर सार्वजनिक विम्यातून सूट मागावी लागते. ही सूट पहिल्या तीन महिन्यांत मागायची असते आणि एकदा घेतली की ते शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. एका सहीने दरवाजा बंद होतो.

आमच्या गावातल्या मराठी मंडळींत एक मुलगी होती. तेवीस वर्षांची, हुशार, आईवडिलांची एकुलती एक. इथल्या एका एजंटाने सगळे कागद भरून दिले होते, त्यात सुटीचा अर्जही होता. पहिला हिवाळा तिला फार जड गेला. चार वाजता अंधार, खोलीत एकटी, झोप नाही, जेवण नाही. डॉक्टरांनी मानसोपचार सुचवले. तिच्या स्वस्त पॉलिसीत मानसोपचार नव्हतेच. सार्वजनिक विम्यात ते मिळाले असते, पण परत जाता येत नव्हतं. विद्यार्थ्यांसाठी जी कल्याणकारी संस्था असते, तिच्या समुपदेशन केंद्रात विनामूल्य मदत मिळाली म्हणून ती सावरली. पुढे नोकरी लागली त्या दिवसापासून ती आपोआप सार्वजनिक विम्यात आली आणि तिचे राहिलेले उपचार नीट सुरू झाले. मधलं दीड वर्ष मात्र तिने आणि तिच्या आईने कसं काढलं ते मी जवळून पाहिलं आहे. तेव्हापासून प्रत्येक फोनवर मी एकच वाक्य सांगते, महिन्याचे शंभर युरो वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा.

तिशी ओलांडल्यावर थेट भारतातून शिकायला जाणाऱ्याला हा सवलतीचा दरवाजा उघडा नसतो आणि स्वेच्छेने सार्वजनिक विम्यात यायलाही सहसा मिळत नाही. आधी नुसता भाषेचा कोर्स करणाऱ्यालाही विद्यार्थ्याचा दर लागू होत नाही. अशांनी खासगी विम्याचे नियम, विशेषतः आधीपासूनच्या आजारांबद्दलचे, बारकाईने वाचूनच निघावं. आणि प्रत्येकाने प्रवासाचा विमा विद्यापीठात नाव नोंदवलं जाईपर्यंत पुरेल एवढा घ्यावा, कारण विद्यार्थ्याचा विमा त्याआधी सुरू होत नाही.

दुसरा दरवाजा नोकरीचा. वर्षाचा पगार ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर सार्वजनिक विमा बंधनकारकच आहे. २०२५ साठी ही मर्यादा ७३,८०० युरो होती. पगार त्याहून जास्त असेल तर निवड करता येते. जर्मनीत पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याला अशा वेळी स्वेच्छेने सार्वजनिक विम्यात यायला तीन महिने मिळतात. तिशीतल्या धडधाकट इंजिनिअरला खासगी कंपनी आकर्षक हप्ता सांगते. पण तिथे बायकोचा हप्ता वेगळा, प्रत्येक मुलाचा वेगळा, आणि हप्ता पगारावर नाही, वय आणि तब्येत पाहून ठरतो. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर खासगीतून सार्वजनिक विम्यात परत येणं जवळजवळ अशक्य. तेव्हा पुढच्या तीस वर्षांचा हिशेब मांडून मगच सही करायला सांगा.

आता आपल्याबद्दल. आपण सगळे एक्कावन्न-बावन्नचे झालो. मुलं म्हणतात, ‘आई, बाबा, तुम्ही इकडेच या राहायला.’ ऐकायला फार बरं वाटतं. पण जोडीदार आणि मुलांना जो विमा मिळतो तो आईवडिलांना मिळत नाही. भेटीला गेलो तर आपण पाहुणे. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा, ज्यात आपला जुना रक्तदाब आणि साखर बहुधा धरलेली नसते. १ मार्च २०२४ पासून कायदा थोडा बदलला. त्या तारखेनंतर कुशल कर्मचारी म्हणून पहिल्यांदा परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना राहायला बोलावता येतं. मात्र आईवडिलांचा पुरेसा आरोग्य विमा दाखवावा लागतो. त्या वयात सार्वजनिक विम्याचं दार बंद असतं आणि खासगीचा महिन्याचा हप्ता कित्येक शे युरो होतो. गाडी अडते ती इथेच.

मला कायद्याला दोष द्यायचा नाही. ज्या गल्ल्यात आयुष्यभर पैसे टाकले नाहीत त्यातून उतारवयात घेऊ नये, हा त्यांचा विचार मला कळतो. पण तुम्ही तुमचा हिशेब त्याप्रमाणे करा. मुलाच्या शिक्षणाच्या कर्जात सगळी पुंजी घालू नका. स्वतःचा इथला विमा चालू ठेवा, तो मध्ये तुटू देऊ नका. आणि मुलं परदेशी आहेत म्हणून एकट्या राहणाऱ्या आपल्या मित्र-मैत्रिणींची चौकशी करत जा. त्या बाबतीत हा ग्रुप कुठल्याही विम्यापेक्षा लवकर पोचतो. मागच्या पावसाळ्यात माझ्या आईला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं ते याच वर्गातल्या दोघांनी. मी तेव्हा हजारो किलोमीटर लांब होते.

मधल्या सुट्टीत आपण डबे मध्ये ठेवून गोल करून बसायचो. कुणाच्या डब्यात पुरणपोळी, कुणाच्या डब्यात भाकरी आणि चटणी, कुणी डबाच आणलेला नसायचा. कुणी कुणाचा डबा मोजला नाही. ‘आजारपणाचा गल्ला’ म्हणजे काय हे जर्मन शेजारणीने मला समजावलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते गोल आलं. म्हणून आजच्या पंधरा मिनिटांचं सार एवढंच. तुमच्या मुलांना तिथल्या गोलात जागा आहे. ती पहिल्या तीन महिन्यांत घ्यायला सांगा, आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मला फोन करा. भारतीय वेळ आणि तिथली वेळ यात हिवाळ्यात साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो. तेवढा पाळलात तर उपकार होतील.

सर, बाई, तुम्ही शिकवलेली बेरीज-वजाबाकी अजून रोज कामाला येते.