‘मिळत नाही, मी आणते’
(वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



एम.एस.डब्ल्यू. होऊन मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत कामाला लागले, तेव्हा माझ्या हातात एक छापील फॉर्म होता. त्यात प्रश्न होता : ‘घरात पाणी मिळते का? हो / नाही.’ उत्तर कुटुंबप्रमुखाने द्यायचे. एका घरातले भाऊ ‘हो’ म्हणाले, मी खूण केली. मोरीत भांडी घासणारी त्यांची बायको मान वर न करता म्हणाली, ‘ताई, मिळत नाही, मी आणते.’

मग मी खाली बसले आणि ऐकले. पहाटे साडेतीनला उठायचे. गल्लीच्या तोंडाशी नळ, चारला पाणी येते, पाचला जाते. कमी पडले की पलीकडच्या गल्लीतून विकत आणायचे. थोरली मुलगी आठवीत. पहाटे हंडे वाहून ती वर्गात डुलक्या घ्यायची. पुढच्या वर्षी तिची शाळा सुटली. ‘शाळा सोड’ असे घरात कुणीच म्हटले नव्हते. माझ्या फॉर्ममध्ये मात्र त्या घरापुढे ‘हो’ होते.

आता शहराचा हिशेब पाहू. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते. लोकसंख्या दीड कोटी धरली तरी माणशी २६० लिटर झाले. त्यातून गळती, चोरी, कारखाने, हॉटेले वजा करा. तरीही पाणी देताना इमारतीतल्या माणसाला १३५ आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असा भेद वर्षानुवर्षे का धरला गेला? पाच माणसांच्या घराला पंधरा लिटरचे ४५ हंडे कुणाला, आणि १५ हंडे कुणाला, हे तलावातल्या पाण्याने ठरवलेले नाही. ते माणसांनी ठरवले आहे.

‘शहर वाढतेय, नवे धरण बांधा,’ असे लगेच सांगितले जाते. पण या शहराचे बहुतेक पाणी ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या धरणांतून येते. भातसा आणि तानसा धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथेही हंडा बाईच्याच डोक्यावर. आपली मागणी त्या बहिणींच्या विरोधात जाता कामा नये. म्हणून आधी आहे त्या पाण्याची न्याय्य वाटणी मागू या.

हा हक्क आपण भीक म्हणून मागत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. झोपडी अनधिकृत आहे म्हणून तिथल्या माणसांना पाणी नाकारता येणार नाही. मे २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. कागद झाला. पण कागदावरून पाणी गल्लीत आणायला बायकांनाच उभे राहावे लागते. मृणालताई गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, ते उगीच नव्हे.

तर एक साधे काम सुचवते. प्रत्येक गल्लीत एक वही ठेवा. रोज लिहा : पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले, किती हंडे भरले, किती विकत घेतले, आणि कुणी भरले. शेवटचा रकाना सोडू नका. लिहिता न येणारीने रेघा ओढाव्यात. हंड्यागणिक एक रेघ. महिनाभराची वही घेऊन अधिकाऱ्यासमोर बसलात, की ‘तुमच्याकडे पाणी येते ना?’ हा प्रश्न त्याला परत विचारता येणार नाही.

आणि तीन गोष्टी मागा : पाणी दिवसा, माणसाने उठावे अशा वेळी, धार पुरेशी, आणि गटनळाच्या कागदावर बाईचे नाव. आमच्या वस्तीत नळाचा सेक्रेटरी पुरुष होता. पहाटे चारला तो एकदाही नळावर दिसला नाही.

मी तो फॉर्म बदलला. आता पहिला प्रश्न असतो, ‘पाणी कोण आणते?’ आणि उत्तर तिनेच द्यायचे.