तारेचा सूर आणि खिशाचा हिशेब



महागाईभत्ता आणि बोनस यांवर घसा कोरडा करणाऱ्या माणसाने गाणे ऐकण्याच्या तारांवर बोलावे, याचे आपल्यापैकी कित्येकांस नवल वाटले असेल. परंतु कामगाराच्या हातात पैसा येतो कसा, याची चर्चा आम्ही जन्मभर केली; तो हातातून जातो कसा, याचीही एकदा करावी असे आम्हांस वाटते.

आमचे एक सहकारी यंत्रमागावर तीस वर्षे राबून निवृत्त झाले. हिशेबाची रक्कम मिळाली. घरी जुना अ‍ॅम्प्लिफायर व दोन चांगले लाकडी स्पीकर होते. मुलाने नवा टीव्ही आणला. पण अ‍ॅम्प्लिफायरला लाल-पांढरी गोल भोके, तर टीव्हीला मागे एकच चौकोनी भोक. दोघांचे जुळेना. दुकानदाराने त्यांना एक कन्व्हर्टर आणि सोनेरी टोकांची ऑप्टिकल केबल दिली. केबलची किंमत कन्व्हर्टरच्या चौपट. घरी आणून जोडले, तर आवाजच नाही. तक्रार घेऊन गेले, तेव्हा त्याहून भारी केबल पुढे करण्यात आली. "दोन्हींत फरक काय?" असे यांनी विचारताच उत्तर मिळाले, "तुमचे कान मागावर गेले, काका. तुम्हांला तो कळायचा नाही." पैसे गेले त्यापेक्षा हे वाक्य त्यांना अधिक लागले.

आम्ही या विषयाच्या मागे लागलो ते त्या वाक्यामुळे. आता थोडे मूळ समजून घेऊ. १९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हापासून घरोघरचे गाणे आकड्यांत साठवले जाऊ लागले. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घ्यायचे, प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचे, आणि डाव्या-उजव्या अशा दोन बाजू धरायच्या. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. डिजिटल केबल वाहून नेते ते हे आकडे. गिरणगावातून कोकणात मनीऑर्डर जात असे, तेव्हा पोस्टमनच्या अंगात जरीचा कोट असता म्हणून शंभराचे एकशेदहा झाले नसते. तसेच हे आहे. आकडे नीट पोहोचले की केबलचे काम संपले. ती खराब असेल तर गाणे तुटते, कडकड होते किंवा मुळीच ऐकू येत नाही. तबला जरा पोचट आणि तानपुरा जरा फिका, असा बारीक दोष ती सहसा दाखवीत नाही.

तेव्हा खरेदीला जाण्यापूर्वी दोन्ही यंत्रांच्या पाठी पाहाव्या. चौकोनी भोक असेल तर ऑप्टिकल केबल घ्यावी. तिच्यातून तांबडा प्रकाश जातो, वीज नव्हे. म्हणून टोकाला सोन्याचा मुलामा देण्यात काही अर्थ नाही. उलट, तिच्यातून वीज जात नसल्यामुळे दोन यंत्रांच्या जोडणीतून येणारी ५० हर्ट्‌झची घरघर ती पुढे जाऊ देत नाही. हा गुण साध्या केबलीतही असतो. टोकांवरची प्लास्टिकची टोपणे मात्र आठवणीने काढावी, आणि केबल कोपऱ्यात करकचून वाकवू नये. एकच गोल भोक असेल तर ७५ ओहमची कोअ‍ॅक्सिअल केबल लागते. घरात जुन्या व्हिडिओची पिवळ्या टोकाची तार पडली असेल, तर ती बहुधा तेच काम बिनबोभाट करते.

कन्व्हर्टरचे मोल केबलीपेक्षा अधिक, कारण आकड्यांची पुन्हा वीज होते ती तिथे. त्यावर ‘डिजिटल ते अ‍ॅनालॉग’ असे लिहिले आहे ना, हे वाचून घ्यावे. उलट दिशेची डबीही हुबेहूब तशीच दिसते. मोबाइलचा छोटा जोड घेताना त्याच्या आत कन्व्हर्टर आहे की नुसती तार, हे विचारावे. नुसत्या तारेचा जोड पुष्कळ फोनांवर मुका राहतो.

डबीवर मोठमोठे आकडे छापलेले असतात, त्यांनीही भुलू नये. मायर आणि मोरन या दोघांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च प्रतीच्या तबकडीचा आवाज एकदा सरळ आणि एकदा सीडीच्या मापातून काढून ऐकवला. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा श्रोत्यांनी बरोबर ओळखले. नाणे उडवूनही एवढेच जमते!

असा प्रयोग घरीही करता येतो. मित्राने चादरीआड केबल बदलावी, आपण ओळखावे, आणि वीस वेळांची नोंद करावी. दोन कन्व्हर्टर ताडून पाहायचे तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि विक्रेत्याला हे ठाऊक असते. दहा-अकराच उत्तरे बरोबर आली तर पैसे खिशात ठेवावे. उरलेला पैसा स्पीकरवर खर्चावा, कारण घरातील आवाजात खरा फरक पडतो तो स्पीकरने आणि त्याच्या जागेने. त्याला भिंतीपासून थोडा पुढे घेऊन कानाच्या उंचीवर बसवायला तर एक पैही लागत नाही.

आता त्या सहकाऱ्यांकडे वळू. आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि टीव्हीच्या आवाजाची मांडणी उघडली. डिजिटल आवाज ‘बिटस्ट्रीम’वर होता. म्हणजे टीव्ही डॉल्बीच्या सांकेतिक भाषेत बोलत होता आणि बिचाऱ्या साध्या कन्व्हर्टरला ती येत नव्हती. आम्ही तिथे ‘पीसीएम’ निवडले. क्षणात आवाज आला. मग सोनेरी केबल काढून शेजाऱ्यांकडची साधी लावली, तोच आवाज. दोष केबलीत नव्हता, कन्व्हर्टरमध्ये नव्हता आणि त्यांच्या कानांतही नव्हता.

कानांबद्दल एक गोष्ट मात्र खरी आहे. यंत्रांच्या गोंगाटाने कान अधू होतात, आणि सुरुवात बहुधा ४,००० हर्ट्‌झच्या आसपासच्या उंच स्वरांपासून होते. आमच्या मित्राचे कान थोडे गेले असतील. ते कापड विणता विणता गेले, आणि आपण सर्वांनी ते कापड अंगावर घातले. त्या उणिवेकडे बोट दाखवून कोणी त्यांना महाग माल विकावा, ही गोष्ट आम्हांस वेतनकपातीहून वेगळी वाटत नाही. वेतनकपातीत निदान कागद तरी हाती येतो.

म्हणून आमची मागणी लहानशी आहे. बिल घ्या, माल परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या, आणि फरक ऐकू आल्यावाचून फरकाचे पैसे देऊ नका. त्या संध्याकाळी आमच्या मित्राने भीमसेनांचे अभंग लावले आणि डोळे मिटून बसले. त्यांना किती ऐकू येत होते हे आम्ही विचारले नाही. त्यांना पुरेसे येत होते.