मेनिंडी : लाल मातीतलं तळ्यांचं गाव



ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेली मंडळी सिडनीच्या पुलाचे फोटो दाखवतात. त्याच न्यू साउथ वेल्स राज्याच्या पार पश्चिमेला, ब्रोकन हिल या खाणींच्या शहरापासून सुमारे ११० किलोमीटरवर मेनिंडी नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम पाचशेची. चहूकडे लाल माती, खुरटी झुडपं आणि त्यांतून वाट काढणारी डार्लिंग नदी. इथले मूळ रहिवासी बार्किंजी तिला ‘बाका’ म्हणतात. बार्किंजी म्हणजेच नदीची माणसं.

नदीकाठच्या उथळ खोलगटांत पुराचं पाणी शिरतं आणि तळी भरतात. गेल्या शतकात बांध-दरवाजे घालून त्यांचे साठवण तलाव केले. तळी भरली की पेलिकनचे थवे उतरतात. पाण्यात वाळक्या झाडांचे सांगाडे उभे असतात, संध्याकाळी त्यांच्यामागे सूर्य बुडतो. शेजारीच किंचेगा राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली मेंढ्या कातरण्याची जुनी शेड १९६७ पर्यंत चालू होती. तिच्यात साठ लाख मेंढ्यांची लोकर उतरली म्हणतात. मला मात्र नदीकाठचे जुने गम वृक्ष अधिक मोलाचे वाटतात. होड्यांसाठी साल सोलून घेतल्याचे बार्किंजींचे व्रण त्यांच्यावर आजही दिसतात.

आपल्या बाजूचा एक धागाही इथे आहे. १८६० साली बर्क आणि विल्स यांची मोहीम इथे थांबली होती. तिचे उंट कराचीहून जहाजाने नेले होते, सोबत उंटवाले होते. त्यांतला दोस्त महंमद उंटाच्या हल्ल्यात हाताने अधू झाला आणि मेनिंडीतच राहिला. गावाबाहेर त्याची एकाकी कबर आहे.

आता नदीचं दुखणं. २०१८ची अखेर आणि २०१९ची सुरुवात, ऐन दुष्काळात इथे दहा लाखांहून अधिक मासे मेले. साचल्या पाण्यात शेवाळ माजलं होतं. अचानक गारठा आला, तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वरच्यात मिसळलं आणि मासे गुदमरले. कित्येक दशकं जगलेले मोठे मरे कॉडही त्यांत होते. मार्च २०२३ मध्ये, पूर ओसरताना, कोट्यवधी मासे तरंगले. वरच्या अंगाला कापसासाठी पाणी उचललं जातं, ही गावकऱ्यांची तक्रार. सरकारी हिशेबात उथळ तळ्यांची वाफ होते, म्हणून ती तोट्याची. २०१९ पासून ब्रोकन हिललाही मरे नदीचं पाणी २७० किलोमीटरच्या नळाने मिळतं. मोठ्या शहराची गरज सरली, आणि मेनिंडीच्या तळ्यांसाठी भांडणारा एक वजनदार आवाज कमी झाला, असं मला वाटतं.

जायचंच तर मे ते ऑगस्टमध्ये, तिथल्या थंडीत जा. उद्यानातले रस्ते कच्चे आहेत, पाऊस पडला की बंद होतात. आणि निघण्यापूर्वी तळ्यांत पाणी आहे का, तेवढं विचारून घ्या.